हात आत का जातो? मशीनची धोकापाहणी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या नोकरीत, बडोद्यातल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका छोट्या शेडमध्ये, पॉवर प्रेससमोर (पत्रा दाबून कापणाऱ्या, आकार देणाऱ्या मशीनसमोर) उभं राहून मी तपासणीचा एक छापील कागद भरला होता. ‘गार्ड आहे का?’ या प्रश्नापुढे मी ‘आहे’ असं लिहिलं. गार्ड, म्हणजे धोक्याच्या भागावरचं संरक्षक आवरण, होतंच. फक्त ते वर उचलून तारेने बांधून ठेवलं होतं. ती तार मला दिसली होती, पण कागदावर तारेबद्दल काही विचारलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात त्या प्रेसवर काम करणाऱ्या मुलाची दोन बोटं पेरापासून गेली. गार्ड का बांधलं होतं, हे मी नंतर विचारलं. पीस (तयार होणारा भाग) डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, चिकटून राहत होता, दर वेळी गार्ड उघडून काढायला वेळ जात होता आणि काम उक्त्यावर होतं. हे आधी विचारायला मला दोन मिनिटं पुरली असती.

तेव्हापासून कुठल्याही मशीनसमोर उभा राहिलो की माझा पहिला प्रश्न एकच असतो: माणसाचा हात आत का जातो? पुढे जे लिहिलं आहे ते या एका प्रश्नाच्या आधाराने लिहिलं आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून, नाहीतर कलाभवनातून बाहेर पडून (१८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या त्या संस्थेला, म्हणजे आजच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीला, बडोदेकर अजून कलाभवनच म्हणतात) नुकतीच नोकरीला लागलेली आणि साहेबांनी ‘सेफ्टीचं पण बघ’ म्हणून हातात फाइल दिलेली जी मुलंमुली आहेत, त्यांच्यासाठी हे आहे. जुन्या कारखाना कायद्यात सेफ्टी ऑफिसर नेमायची सक्ती १००० कामगारांपासून पुढे होती, नव्या संहितेत सर्वसाधारण कारखान्यासाठी ती ५०० वर आली. वीस-तीस माणसांच्या शेडमध्ये असा अधिकारी नसतोच. तिथे ते काम तुमच्यावरच येतं.

पहिली पायरी: शॉपवर जाण्याआधी दोन रजिस्टरं वाचा

अपघाताचं रजिस्टर बहुतेक ठिकाणी जवळजवळ कोरं असतं, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका. प्रथमोपचाराच्या पेटीजवळची वही मागा. कोणाला पट्टी लावली, डोळ्यात कण गेला म्हणून कोणाचे डोळे धुतले, हे तिथे लिहिलेलं असतं. एकाच मशीनवरच्या चार जणांना दोन महिन्यांत बोटाला पट्टी लागली असेल, तर त्या मशीनने तुम्हाला आगाऊ कळवलं आहे.

दुसरं म्हणजे मेंटेनन्सचं ब्रेकडाउन रजिस्टर. सेफ्टीच्या कामासाठी हे कोणी उघडत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त हेच बोलतं. जे मशीन वारंवार अडकतं, त्याच्या आत वारंवार हात जातो. ‘बेल्ट उतरला’, ‘सेन्सर लागत नाही’, ‘पीस फसला’ अशा नोंदी किती वेळा येतात ते मोजा आणि पाहणीचा क्रम त्यावरूनच लावा.

बरोबर वही, टॉर्च आणि मोजपट्टी असू द्या. मशीनचं मॅन्युअल मिळालं तर उत्तम. सेकंडहँड घेतलेल्या मशीनचं बहुधा मिळत नाही.

दुसरी पायरी: आधी नुसतं बघत उभे राहा

निदान अर्धा तास. वही बंद ठेवा. तुम्ही नवीन आहात, त्यामुळे पहिली पाच मिनिटं सगळे नियमाने वागतील. दहाव्या मिनिटाला ते तुम्हाला विसरतील आणि खरं काम सुरू होईल. शिफ्ट सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीआधी आणि शिफ्ट संपताना मशीन पुसलं जातं तेव्हा, असं तीन वेळा जाऊन पाहा. पुसण्याची वेळ चुकवू नका. फिरत्या रोलरला फडकं लावून पुसणारे हात मी याच वेळी पाहिले आहेत.

मग बोला. ऑपरेटर भरूचकडचा असेल, ओडिशाचा असेल किंवा दांडिया बाजारातल्या तुमच्याच गल्लीतला असेल. त्याच्या भाषेत दोन वाक्यं तरी बोला, आणि चूक काढायला आलो नाही हे आधीच सांगा. मी तीन प्रश्न विचारतो. यात सगळ्यात जास्त काय अडकतं? अडकलं की काय करता? आणि नवीन मुलगा आला तर त्याला पहिली गोष्ट कुठली सांगता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवाच, कारण जो धोका जुना माणूस रोज सांभाळत असतो तोच त्या उत्तरात येतो. एका प्रेसवरचे वयस्कर काका मला म्हणाले होते, “त्याला सांगतो, पाय पेडलवरून पार मागे घेतल्याशिवाय हात पुढे करू नकोस बाबा.” मी वाकून पाहिलं. पेडल उघडं होतं, वर झाकण नव्हतं, बाजूला पीसचा ढीग पडला होता. वरून एक पीस घसरून पेडलवर पडला असता तरी स्ट्रोक (प्रेसचा एक ठोका) बसला असता. काका वर्षानुवर्षं ते आपल्या सवयीने टाळत होते. नव्या मुलाला ती सवय कुठून असणार?

तिसरी पायरी: मशीनच्या सगळ्या अवस्था लिहा

मशीन फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ नसतं. सेटिंग, टूल बदलणं, चालवणं, अडकलेलं काढणं, साफसफाई, तेल-ग्रीस, दुरुस्ती, आणि वीज गेली-आली, या प्रत्येक अवस्थेची एक ओळ करा. प्रत्येक ओळीपुढे कोण असतो, त्याचा हात कुठे असतो आणि त्या वेळी काय हलू शकतं, एवढंच लिहा. सुरळीत चालू असताना गार्ड बहुधा जागेवर असतं. बाकीच्या अवस्थांत ते उघडलेलं असतं आणि समोर ऑपरेटरऐवजी हेल्पर, सेटर किंवा फिटर असतो.

आता त्या प्रत्येक ओळीत धोका शोधा. दोन भाग जवळ येतात तिथे चिरडलं जातं. बेल्ट पुलीवर चढतो किंवा दोन रोलर एकमेकांकडे फिरतात तिथे बोट आत ओढलं जातं. उघडा शाफ्ट कितीही गुळगुळीत असला तरी बाही, ओढणी, केस गुंडाळून घेतो. याशिवाय कापणं, टोचणं, उडणारे तुकडे, शॉक, गरम पृष्ठभाग. गार्डला जाळी असेल तर मोजपट्टी लावा. आयएसओ १३८५७ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हिशेब असा की चौकोनी भोक १२ ते २० मिलिमीटरचं असेल तर जाळी धोक्याच्या जागेपासून निदान १२० मिलिमीटर दूर हवी. लांबट फट २० ते ३० मिलिमीटर रुंद असेल तर हेच अंतर ८५० मिलिमीटर होतं, कारण तेवढ्या फटीतून अख्खा हात आत जाऊ शकतो. ‘जाळी आहे’ एवढं लिहून पुढे गेलात तर माझ्या त्या पहिल्या कागदासारखंच होईल.

चौथी पायरी: पॉवर प्रेस असेल तर क्लच कुठला आहे ते आधी विचारा

इथे थोडं थांबतो, कारण आपल्याकडे बोटं सगळ्यात जास्त इथेच जाताना मी पाहिली आहेत.

छोट्या शेडमधल्या जुन्या सी-फ्रेम प्रेसना बहुतेक वेळा ‘रोलिंग की’ (फिरणारी चावी) प्रकारचा क्लच, म्हणजे चाकाची फिरकी प्रेसला जोडणारा-सोडवणारा भाग, असतो. पेडल दाबलं की ती चावी फिरते, क्रँक (प्रेसचा फिरता दांडा) फ्लायव्हीलला (सतत फिरणाऱ्या जड चाकाला) जोडला जातो आणि एक पूर्ण फेरा होऊनच सुटतो. मधे थांबवता येत नाही. लाल बटण दाबलं तर मोटर बंद होईल, पण खाली येऊ लागलेला रॅम (वरचा ठोकणारा भाग) खाली येणारच. म्हणून अशा प्रेसला हजारो रुपये घालून लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा) बसवला तरी त्याने बोट वाचत नाही. किरण तुटल्याचं त्याला कळेल, पण थांबवायला काहीच नाही. लाइट कर्टन चालतो तो न्यूमॅटिक किंवा हायड्रॉलिक (हवेच्या किंवा तेलाच्या दाबाच्या) क्लचच्या, मधे थांबू शकणाऱ्या प्रेसवर. हा फरक विक्रेता सांगेलच असं नाही, तुम्ही सांगा.

या क्लचचा दुसरा दोष म्हणजे डबल स्ट्रोक. लॅचची (क्लच अडवणाऱ्या खिट्टीची) स्प्रिंग थकली किंवा ती चावी झिजली, तर पेडल सोडल्यावरही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. नेमका त्याच वेळी माणूस पीस काढायला हात आत घालत असतो. मिनिटाला ६० स्ट्रोकची प्रेस धरली तर रॅमला वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. सुरक्षा अंतर काढताना आयएसओच्या मानकात हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. त्या अर्ध्या सेकंदात हात ८० सेंटिमीटर जाऊ शकतो, म्हणजे आत जायला भरपूर वेळ आहे. बाहेर काढायचं सुचेपर्यंत मात्र रॅम खाली पोचलेला असतो. एखादा ऑपरेटर सहज म्हणाला, ‘कधी कधी दोनदा मारते’, तर ती प्रेस त्याच क्षणी बंद करायला लावा. उद्याच्या डिस्पॅचची काळजी नंतर करता येईल.

अशा प्रेसवर खरा उपाय हात आत न्यावाच लागू नये असा करायचा. पंच (रॅमला बसवलेलं वरचं टूल) आणि डायमधली फट बोट शिरणार नाही एवढी, साधारण ६ मिलिमीटरच्या आत ठेवता येते का ते टूलरूमला विचारा. नसेल तर डायभोवती पक्कं बसवलेलं गार्ड, पीस सरकवायला चॅनेल, आणि पीस आपोआप खाली पडावा म्हणून नॉकआउट (पीस ढकलून बाहेर काढणारा भाग) किंवा हवेचा झोत. हे काहीच जमेपर्यंत चुंबकाची काठी किंवा चिमटा, पण तो तात्पुरता. दोन हातांची बटणं असतील तर लक्षात ठेवा, ती फक्त बटण दाबणाऱ्याचे हात राखतात. बाजूला पत्रा धरणाऱ्या हेल्परचे हात मोकळेच राहतात. अशी बटणं रोलिंग कीच्या प्रेसवर डायपासून पुरेशी लांब नसतील तर बटण सोडून हात आत जाऊ शकतो, हेही मोजून पाहा.

पाचवी पायरी: ग्राइंडर, लेथ, ड्रिल

कोपऱ्यातल्या बेंच ग्राइंडरकडे दुर्लक्ष करू नका. तो सगळ्यांचा असतो, म्हणून कोणाचाच नसतो. दगड आणि टूल-रेस्ट (हातातला तुकडा ठेवायचा टेकू) यांच्यातली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, वरच्या पट्टीची फट ६ पेक्षा जास्त नको. दगड झिजत जातो तशी फट वाढते, जॉब (घासायचा तुकडा) त्यात शिरतो आणि दगड फुटतो. नवा दगड बसवण्याआधी त्यावर लिहिलेले आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाहीत ना ते पाहा. दगड बोटावर अडकवून लाकडी मुठीने हलकं ठोका. साध्या व्हिट्रिफाइड (भाजून घट्ट केलेल्या) दगडाचा आवाज खणखणीत आला पाहिजे. बद्द आवाज आला तर दगड आतून चिरलेला आहे.

लेथवर चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्येच राहिलेली दिसते का ते पाहा, आणि हेडस्टॉकच्या (चक फिरवणाऱ्या डोक्याच्या) मागे लांब बार बाहेर आला असेल तर त्याला आधार आहे का तेही. ड्रिलवर जॉब हातात धरून भोक पाडणं हा सरळ धोका आहे. व्हाइस किंवा क्लॅम्प हवाच. आणि फिरत्या मशीनवर हातमोजे नकोत. हातमोजा ड्रिलमध्ये अडकला की हात त्याच्या पाठोपाठ जातो. ‘पीपीई (संरक्षक साधनं) दिलं’ असं कागदावर लिहिण्यासाठी ड्रिलवाल्याला कापडी मोजे वाटलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

सहावी पायरी: थांबवून पाहा

सुपरवायझरला बरोबर घ्या, मशीन रिकामं चालवा आणि तीन चाचण्या करा.

लाल बटण दाबा आणि मशीन पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग बटण सोडवा. बटण नुसतं सोडवल्याने मशीन परत सुरू झालं तर वायरिंग चुकीचं आहे.

मशीन चालू असताना मेन स्विच बंद करा आणि परत चालू करा. वीज आल्यावर मशीन आपोआप फिरू लागलं तर तो मोठा धोका आहे. साध्या स्विचवर चालणाऱ्या ग्राइंडरमध्ये आणि ड्रिलमध्ये हे हमखास सापडतं. वीज जाते, माणूस अडकलेला जॉब सोडवायला हात घालतो आणि वीज येते. नो-व्होल्ट कॉइल (वीज गेली की जोड सोडणारी कॉइल) असलेला स्टार्टर बसवला की प्रश्न मिटतो, आणि त्याचा खर्च फार नसतो.

तिसरी चाचणी म्हणजे दार उघडून पाहणं. स्विच असलेलं गार्ड उघडलं की मशीन थांबायला हवं. थांबलं नाही तर स्विचजवळ टॉर्च मारा. दार बंदच आहे असं स्विचला वाटावं म्हणून एखादी जास्तीची चावी दोरीने खोचलेली किंवा चुंबक चिकटवलेलं दिसेल. ते काढून टाकणं सोपं आहे, पण ते तिथे का लावावं लागलं हे विचारल्याशिवाय काढलंत तर आठवड्याने ते परत दिसेल.

सातवी पायरी: दुरुस्तीच्या वेळी वीज कोणाच्या हातात असते?

ते लाल (इमर्जन्सी) बटण दाबून दुरुस्तीला हात घालायचा नाही. ते बटण वीज तोडत नाही, नुसतं मशीन थांबवतं. मेन आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं आणि चावी दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात राहायला हवी. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. मग सुरू करण्याचं बटण दाबून खरंच काही होत नाही ना ते पाहायचं. त्यानंतरही फ्लायव्हील थांबेपर्यंत वाट पाहा, हवेच्या लाइनमधला दाब सोडा, वर थांबलेल्या रॅमखाली ठोकळा लावा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर आतल्या कॅपेसिटरमध्ये वीज उरते. ड्राइव्हवर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, ते पाळा.

आठवी पायरी: हळू होणारी इजा

बोट गेलं तर सगळी शेड थांबते. कान गेला तर कोणाला कळत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथे आवाज मोजून घ्या. आपल्याकडची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल आहे, पण ८५ पासूनच मी प्रेसखाली पॅड, हवेच्या नोझलला सायलेन्सर असे उपाय सुचवतो. सीएनसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) मुलांचे हात मनगटापर्यंत पाहा. खाज, भेगा दिसल्या तर कूलंट (कापताना थंड ठेवणारं द्रव) कधी बदललं ते विचारा. वास मारणारं कूलंट म्हणजे त्यात जंतू वाढले आहेत. हवेच्या पाइपने अंगावरचे कपडे झाडणं लगेच थांबवा. डोळ्यात कण जातातच, जखमेतून हवाही त्वचेखाली शिरू शकते. शिवाय पीसची पेटी जमिनीवरून वाकून उचलावी लागते का तेही लिहा. टेबल फूटभर उंच केलं तरी पाठ वाचते.

नववी पायरी: आकडा आणि उपाय

इजा किती मोठी आणि ती होण्याची शक्यता किती, यांना प्रत्येकी एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार करून आकडा काढतात. काढा, साहेबांना तो लागतो. पण ‘आजवर कोणाला लागलं नाही’ म्हणून शक्यता एक लिहू नका. शेजारच्या ओळीत रोज किती वेळा हात आत जातो ते लिहा, म्हणजे आकडा आपोआप खरा होईल.

उपायांचा क्रम ठरलेला आहे: धोकाच काढता येतो का, ते जमत नसेल तर गार्ड आणि इंटरलॉक (गार्ड उघडलं की मशीन थांबवणारा स्विच), त्यानंतर सूचना आणि प्रशिक्षण, सगळ्यात शेवटी गॉगल नि बूट. आयएसओ १२१०० हे मानकही याच क्रमाने जातं. ‘ऑपरेटरला समज दिली’ हा उपाय मी तुमच्या जागी असेन तर एकटा कधीच लिहिणार नाही. प्रत्येक उपायापुढे नाव आणि तारीख लिहा, आणि त्या तारखेला स्वतः जाऊन पाहा.

मालक खर्चाला कचरत असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्ये फिरत्या धोकादायक भागांना पक्कं कुंपण घालायला सांगितलं होतं. कलम २२ प्रमाणे चालत्या मशीनजवळ तपासणी करणारा माणूस खास शिकवलेला आणि अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांत हवा, आणि ते कपडे मालकानेच द्यायचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे रिपोर्टमध्ये कलमं लिहिताना नवी पाहून लिहा.

परत कधी पाहायचं

डाय बदलली, मशीन हलवलं, नवा माणूस आला, गार्ड दुरुस्तीला काढलं, की परत. याशिवाय आपल्या बडोद्याच्या तीन वेळा लक्षात ठेवा.

दसऱ्याला मशीनची पूजा होते, झेंडूची माळ चढते. माळ चढावी, मलाही आवडते. फक्त ती फिरत्या भागाजवळ नको आणि लाल बटणावर तर नकोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू होण्याआधी सगळ्या माळा आणि त्यांचे दोरे निघाले आहेत हे शॉपवर फिरून पाहा.

पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी चढलं, जसं ऑगस्ट २०२४ मध्ये चढलं होतं, तर पाण्यात गेलेलं पॅनेल नुसतं उन्हात वाळवून चालू करायचं नाही. इलेक्ट्रिशियनकडून मोटर आणि वायरिंग मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या, रीडिंग एक मेगाओमच्या खाली असेल तर मोटर वाइंडरकडे पाठवा, अर्थिंग नव्याने मोजा, आणि लाल बटण, दाराचे स्विच एकेक करून परत दाबून पाहा. गाळ आत राहिलेला स्विच आज चालतो आणि आठवड्याने अडकतो.

आणि दिवाळीनंतर. लाभपंचमीच्या मुहूर्तावर शेड उघडते, अर्धी माणसं गावाहून परतलेली नसतात, दुसऱ्याच मशीनवरचा मुलगा प्रेसवर बसवला जातो. त्या दिवशी नारळ फुटल्यावर पहिलं काम हे करा: मेन बंद ठेवून फ्लायव्हील हाताने एक फेरा फिरवा, लॅचची स्प्रिंग पाहा, मग वीज देऊन रिकाम्या डायवर निदान वीस स्ट्रोक मोजून मारा. एकदा जरी रॅम दोनदा आला, तर त्या प्रेसला कुलूप लावा आणि चावी तुमच्या खिशात ठेवा.